रेस सोडली की सायलेन्सरमधून फटाके: हेड उतरवण्याआधी काय बघाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2018ची पल्सर 150, कार्बोरेटरवाली. वाई-पाचगणी रोजचं जाणं-येणं. पसरणी घाट उतरताना रेस सोडली की सायलेन्सरमधून पट-पट आणि मध्येच एखादा मोठा फाट. स्टार्टिंग चांगलं, पिकअप चांगला, ॲव्हरेज किंचित उतरलंय. दोन महिन्यांपूर्वी जुना सायलेन्सर गंजून गेला म्हणून बाजारातला दुसरा बसवला. मेकॅनिक म्हणतो व्हॉल्व गेले, हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व बसवलेला भाग) उतरवावं लागेल.

हेड उतरवू नका. निदान आज तरी नको. व्हॉल्व जळलेली गाडी फक्त उतारावर आवाज करत नाही. ती सकाळी किक मारून मारून दमवते, चढावर दम सोडते, आयडलिंगला लंगडते. तुमची गाडी पाचगणीचा चढ नीट चढतेय म्हणता, म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, शाबूत असण्याचीच शक्यता जास्त. आणि आवाज सायलेन्सर बदलल्यानंतर सुरू झालाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हा प्रश्न सगळ्यात आधी स्वतःला विचारा. फटाक्यांच्या तक्रारीत "कधीपासून" याचं उत्तर मिळालं की अर्धं निदान झालेलं असतं. सर्व्हिसिंगनंतर, सायलेन्सर उघडल्यानंतर, कार्बोरेटर साफ केल्यानंतर, पावसाळ्यात गाडी उभी राहिल्यानंतर, यातलं प्रत्येक उत्तर वेगळ्या जागी बोट ठेवतं.

आधी आवाज होतो कसा ते समजून घ्या, म्हणजे पुढची प्रत्येक तपासणी कशासाठी ते कळेल. तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये आहात, इंजिन पाच हजारावर फिरतंय आणि रेस पूर्ण सोडलीत. चाक इंजिनाला फिरवतंय, पण हवेचा रस्ता जवळजवळ बंद. कार्बोरेटरची स्लाइड, म्हणजे हवेच्या रस्त्यातला वर-खाली होणारा दट्ट्या, खाली बसली, मेन जेटचा, म्हणजे पेट्रोलच्या मोठ्या भोकाचा, संबंध संपला, आता पेट्रोल येतंय ते फक्त पायलट जेटच्या बारीक भोकातून. सिलिंडरमध्ये मिश्रण इतकं थोडं येतं की त्यात मागच्या स्ट्रोकचा उरलेला धूरच जास्त. अशा मिश्रणाला प्लगची ठिणगी दर वेळी पेटवू शकत नाही. एखादा डाव पेटतो, एखादा तसाच कोरा बाहेर जातो. त्या कोऱ्या डावातलं पेट्रोल बेंड पाइपात, म्हणजे हेडपासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाइपात, जाऊन थांबतं, मागून पेटलेला डाव येतो आणि तिथे ताजी हवा मिळाली की पाइपातच भडका उडतो. गॅसचा नॉब आधी फिरवून काडी उशिरा ओढली की शेगडीवर जो भप्पकन आवाज होतो, तोच प्रकार.

म्हणजे फटाक्याला तीन गोष्टी लागतात: न जळलेलं पेट्रोल, ताजी हवा आणि उष्णता. उष्णता बेंड पाइपात कायमच असते, तिचं काही करता येत नाही. थोडं न जळलेलं पेट्रोलही रेस सोडल्यावर प्रत्येक कार्बोरेटरवाल्या गाडीत जातंच. त्यामुळे शोध दोनच गोष्टींचा घ्यायचा. पाइपात हवा कुठून शिरतेय, आणि डाव नेहमीपेक्षा जास्त का चुकतायत.

इथे हमखास एक शंका येते. मिश्रण लीन झालं की फटाके वाढतात म्हणतात. लीन म्हणजे पेट्रोल कमी, मग न जळलेलं पेट्रोल जास्त कसं? कारण लीन मिश्रण एका मर्यादेपलीकडे पेट घेतच नाही. पेट्रोल कमी आलं खरं, पण आलं तेवढं सगळं कोरं बाहेर गेलं. रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणानेही फटाके होतात, पण त्यांचा सूर वेगळा. लीन असेल तर आवाज कोरडा, लागोपाठ, पट-पट-पट. रिच असेल तर भद्द, खालच्या सुरात, थांबून थांबून, सोबत पेट्रोलचा वास आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो.

आता तुमच्या गाडीकडे. सायलेन्सर बदललाय, म्हणून सुरुवात बेंड पाइप हेडला जिथे बसतो तिथून. त्या जोडात एक पॅकिंग असतं. ते एकदाच दाबलं जाण्यासाठी बनवलेलं असतं. दाबलं की ते जागेचा आकार घेतं. पाइप काढून पुन्हा बसवला की तो आकार जुळत नाही. तरीही बाजारात सायलेन्सर बदलताना जुनंच पॅकिंग परत घालतात, कधीकधी घालतच नाहीत. पॅकिंगची किंमत चहा-नाष्ट्याएवढी, पण दुकानात त्या वेळी नसतं आणि गिऱ्हाईक तर समोर उभं असतं.

तुम्ही म्हणाल, तिथून गळती असेल तर धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? एक्झॉस्टचा वायू सलग वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने जातो. प्रत्येक धक्क्यामागे पाइपात क्षणभर ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. रेस दिलेली असताना धूर भरपूर असतो, त्यामुळे ही हवा फारशी आत येत नाही आणि आली तरी तिचा उपद्रव जाणवत नाही. रेस सोडली की ओढ उरते आणि धूर थोडाच. म्हणून गळती बारीक असली तरी चढावर गाडी गप्प आणि उतारावर बोलकी.

तपासायला फार काही लागत नाही. गाडी पूर्ण थंड असताना, म्हणजे सकाळी पहिल्यांदा सुरू करताना, जाड फडकं ओलं करून घडी घाला आणि आयडलिंगवर सायलेन्सरच्या तोंडाशी काही सेकंद दाबून धरा. दुसऱ्या माणसाने बेंडच्या जोडाशी आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पशी कान न्यायचा. गळती असेल तर फुस-फुस ऐकू येतं, आणि हात नेला तर वाऱ्याची झुळूक लागते. इंजिन तापायच्या आत हे उरकायचं. याहून बारीक गळतीसाठी आमच्याकडे अगरबत्ती लावतात. पेट्रोल कुठे गळत नाही याची खात्री करून, टाकी आणि कार्बोरेटरपासून लांब, फक्त बेंडच्या तोंडाशी तिचा धूर न्यायचा. जोड पक्का असेल तर धूर सरळ वर जातो. फट असेल तर धुराची रेघ एका ठिकाणी थरथरते, क्षणात बाहेर ढकलली जाते, क्षणात फटीकडे वळते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की धूर बाहेर आणि हवा आत कशी, हा प्रश्न पुन्हा पडत नाही. शिवाय हेडच्या पंखांवर जोडाच्या बाजूला काळपट भुकटीचा फराटा दिसला तर तोही गळतीचाच पुरावा.

पॅकिंग नवं घाला. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतलात तर पाइपाचं तोंड तिरकं बसतं आणि नवं पॅकिंगही गळतं. स्टड गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्टड हेडमध्ये तुटला तर मात्र खरंच मोठं काम निघेल. एकदा गाडी चांगली तापून पुन्हा थंड झाली की नट परत तपासा, पहिल्या तापण्यात पॅकिंग आणखी दबतं. जोडावर बाहेरून एम-सील थापणं हा इलाज नव्हे. त्या उष्णतेला ते टिकत नाही आणि पुढच्या माणसाला खरवडत बसावं लागतं. आणि सायलेन्सरची स्वतःची शिवणही बघा. बाजारातल्या स्वस्त सायलेन्सरमध्ये वेल्डिंगला सुईएवढी भोकं सुटलेली असतात. तिथून येणारी हवाही तितकीच त्रास देते, फक्त लवकर सापडत नाही.

इथे काही सापडलं नाही, किंवा पॅकिंग बदलूनही फटाके अर्धेच कमी झाले, तर पुढचा संशयित एसएआय. ज्या भागाकडे गॅरेजमध्ये सगळ्यात कमी लक्ष जातं तो हा. एक्झॉस्टमधलं उरलंसुरलं पेट्रोल जळावं म्हणून कंपनी मुद्दाम एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडते, प्रदूषणाच्या नियमासाठी. बजाज त्याला एसएआय म्हणते, इतर कंपन्यांच्या गाड्यांत एआयएस किंवा पेअर अशी नावं सापडतील, काम एकच. एअर फिल्टरकडून एक रबरी पाइप एका छोट्या व्हॉल्वकडे येतो, तिथून लोखंडी नळी हेडच्या एक्झॉस्ट बाजूला जाते, आणि तिसरा एक बारीक व्हॅक्यूम पाइप इंजिनाच्या इनटेककडून व्हॉल्वला येतो.

खरी मेख त्या बारीक पाइपात आहे. रेस सोडली की इनटेकमध्ये जोराचा व्हॅक्यूम तयार होतो, तो या पाइपातून व्हॉल्वचा पडदा ओढतो आणि एसएआयची हवा त्या वेळेपुरती बंद होते. का, तर फटाके होऊ नयेत म्हणूनच. म्हणजे तुमची तक्रार कंपनीला आधीच माहीत होती आणि तिच्यावरचा उपाय गाडीत बसवलेला आहे. तो बारीक पाइप चिरला, निसटला किंवा आतला पडदा फाटला की रेस सोडल्यावरही हवा एक्झॉस्टमध्ये जातच राहते. कार्बोरेटर काढ-घाल करताना हा पाइप परत जोडायचा राहून जाणं तर रोजचंच. तो नुसता लोंबकळत राहिला तर दुहेरी नुकसान: एसएआय बंद होत नाही, आणि इनटेककडच्या उघड्या तोंडातून इंजिन फुकटची हवा घेतं, म्हणून मिश्रणही लीन होतं.

तपासणी सोपी. एअर फिल्टरकडून एसएआयकडे येणारा जाड रबरी पाइप दुमडून बांधा, किंवा त्याला छोटा क्लॅम्प लावा. त्याच घाटातून, त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाने उतरून बघा. आवाज बंद झाला तर चोर सापडला. मग व्हॅक्यूम पाइप व्हॉल्वकडून काढून त्या तोंडाला इंजेक्शनची सिरिंज लावून ओढा. पडदा शाबूत असेल तर दट्ट्या ओढलेला राहतो, फाटला असेल तर हवा येते आणि दट्ट्या सैल पडतो. जाड पाइपाच्या आत काजळी दिसली, किंवा व्हॉल्वजवळचं रबर भाजल्यासारखं कडक झालं असेल, तर आतली रीड, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी पत्ती, बसत नाही आणि एक्झॉस्टचा गरम वायू उलटा येतोय असं समजा. व्हॉल्व बदला. कायमचा बंद करून टाकायचा सल्ला बरेच जण देतात, फटाकेही त्याने थांबतात. पण प्रदूषणासाठी दिलेली वस्तू काढून टाकण्यापेक्षा बिघडलेली वस्तू दुरुस्त करणं मला बरं वाटतं. तपासणीसाठी बांधलेला पाइप मात्र नंतर आठवणीने सोडा.

आतापर्यंत एक्झॉस्टकडची हवा बघितली. आता इनटेककडची. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबराला सात-आठ वर्षांत भेगा पडतात. वरून रबर गुळगुळीत दिसतं. बोटाने वाकवलं की खालच्या बाजूच्या भेगा उघडतात. अशी गाडी "एअर घेते". ओळखायची खूण म्हणजे रेस देऊन सोडली की आवाज झटकन खाली येत नाही, वरच रेंगाळतो, मग हळूहळू बसतो. आयडलिंग आज एक, उद्या एक. खात्रीसाठी काही जण रबरावर कार्बोरेटर क्लीनर फवारतात. तो पेट घेतो, गरम इंजिनावर ते करू नका. साबणाचं पाणी ब्रशने लावलं तरी इंजिन सुरू असताना भेगेत पाणी ओढलं जातं आणि आयडलिंग क्षणभर बदलतं.

मग कार्बोरेटर. पण त्याआधी पेट्रोलबद्दल बोललं पाहिजे, कारण अलीकडे "गाडीला हातही लावला नाही, तरी फटाके सुरू झाले" म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते. इथेनॉलला फक्त 9 पट, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन आहे. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई20ला साधारण साडेतेरा पट. हा हिशोब कार्बोरेटरला कळत नाही. जेटमधून जेवढं यायचं तेवढंच येतं, हवाही तेवढीच. म्हणजे नुसतं पेट्रोल बदललं की मिश्रण शुद्ध पेट्रोलच्या मानाने सात-आठ टक्के लीन झालं. फेब्रुवारी 2023पासून ई20 पंपांवर यायला लागलं आणि आता जवळजवळ सगळीकडे तेच आहे. तुमची 2018ची गाडी ज्या पेट्रोलवर ट्यून झाली त्यात इथेनॉल यापेक्षा पुष्कळ कमी होतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. तुमच्या गाडीत ते काम तुमच्या मेकॅनिकच्या स्क्रूड्रायव्हरचं.

पल्सरच्या कार्बोरेटरला मिश्रणाचा स्क्रू इंजिनाकडच्या बाजूला आहे. हा पेट्रोलचा स्क्रू: बाहेर काढला की रिच, आत घेतला की लीन. जुन्या कास्ट आयर्न बुलेटवर जो मिककार्बचा व्हीएम 24 असायचा त्यात नेमकं उलट, तिथे हवेचा स्क्रू, बाहेर काढला की लीन. बुलेटवर हात बसलेला माणूस पल्सर ट्यून करतो आणि फटाके वाढवून देतो, असं होतं ते यामुळे. लक्षात ठेवायचं एवढंच: स्क्रू स्लाइड आणि इंजिन यांच्या मध्ये असेल तर पेट्रोलचा, स्लाइड आणि एअर फिल्टर यांच्या मध्ये असेल तर हवेचा.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून तापवा. स्क्रू हलक्या हाताने आत घेत किती आटे जातो ते मोजा आणि लिहून ठेवा. जोर लावू नका, टोक कार्बोरेटरमधल्या त्याच्या जागेत रुततं. मग परत तेवढाच बाहेर काढून तिथून पाव-पाव आटा बाहेर घेत जा. आयडलिंग वाढत जातं, एका जागी सगळ्यात वर जातं, तिथे थांबा. आता आयडलच्या स्क्रूने आरपीएम 1400च्या आसपास आणा. फटाक्यांसाठी तिथून आणखी पाव आटा बाहेर चालतो, ई20मुळे कधी अर्धा. पण तीन-साडेतीन आटे बाहेर आल्यावरही इंजिनात काही फरक पडत नसेल तर स्क्रू फिरवणं थांबवा, पायलट जेट चोकअप आहे. ते उघडून क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा. आत लोखंडी तार घालू नका. भोक एकदा मोठं झालं की ते परत लहान होत नाही.

काही कार्बोरेटरना बाजूला दोन स्क्रूची छोटी गोल टोपी असते. तिच्याआत स्प्रिंग आणि रबराचा लहान पडदा असतो. रेस सोडल्यावर पायलटची हवा थोडी तोडून मिश्रण तेवढ्यापुरतं रिच करायचं हे त्याचं काम, तेही फटाके टाळण्यासाठीच. वरच्या मोठ्या झाकणाखालच्या स्लाइडच्या पडद्याशी याची गल्लत करू नका. कार्बोरेटर धुताना हा छोटा पडदा क्लीनरमध्ये भिजला की फुगतो, मग नीट बसत नाही. "कार्बोरेटर साफ केल्यापासून फटाके" या तक्रारीत मी आधी हीच टोपी उघडतो.

लीन की रिच याची खात्री रस्त्यावरही करता येते. मोकळ्या उतारावर, मागेपुढे गाडी नसताना, थांबून चोक अर्धा ओढा आणि मग रेस सोडून उतरा. फटाके कमी झाले तर लीन, वाढले तर रिच किंवा प्लगची भानगड. आणखी एक साधन तुमच्या खिशातच आहे, पीयूसीची पावती. तिच्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) असे दोन आकडे असतात. सीओ कमी आणि एचसी नेहमीपेक्षा बराच जास्त असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर जातंय, म्हणजे लीन मिसिंग किंवा कमजोर ठिणगी. दोन्ही जास्त असतील तर रिच. हे आकडे आयडलिंगचे असतात आणि बेंडच्या फटीतून हवा शिरत असेल तर फसवतात, म्हणून पॅकिंगनंतरची पावती बघा. सायलेन्सर बदलण्याआधीची जुनी पावती असेल तर ती शेजारी ठेवा.

पाचगणीत ट्युनिंग करून घेत असाल तर एक बारीकशी गोष्ट. पाचगणी साधारण 1300 मीटरवर, वाई 700च्या आसपास. वरच्या विरळ हवेत बरोबर लावलेलं मिश्रण खाली जड हवेत थोडं लीन पडतं. फरक दोन-तीन टक्क्यांचा, एरवी जाणवणारही नाही, पण आधीच काठावर असलेल्या गाडीला तेवढा पुरतो. ट्युनिंग वाईत करा.

प्लग. पल्सरला दोन असतात, आणि त्यातच गोम आहे. एक मेला तरी गाडी सुरू होते, चालते, चढही चढते. फक्त ॲव्हरेज थोडं उतरतं आणि रेस सोडल्यावरचं ते विरळ, धुराने भरलेलं मिश्रण एका ठिणगीला पेटवता येत नाही. तुमचं ॲव्हरेज उतरलंय म्हणता, म्हणून हे मला महत्त्वाचं वाटतं. गाडी बंद करून एका बाजूची कॅप काढा, सुरू करून आयडलिंग ऐका, मग पुन्हा बंद करून ती लावा आणि दुसऱ्या बाजूची काढून तसंच बघा. प्रत्येक वेळी आवाजात फरक पडला पाहिजे. ज्या बाजूची कॅप काढून काहीच फरक पडत नाही, ती बाजू आधीच मेलेली. काढलेली कॅप मोकळी लोंबती ठेवून इंजिन फिरवू नका. तिच्यात जुना प्लग घालून त्याचा आट्यांचा भाग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, नाहीतर ठिणगी तयार करणाऱ्या सीडीआय आणि कॉइलला इजा होते. गाडी बंद केल्याशिवाय कॅपला हातही लावू नका, झटका चांगला बसतो. प्लग बदलताना दोन्ही एकदम बदला. सर्व्हिसिंगला हाताशी येणारा एकच बदलला जातो, अडचणीतला तसाच राहतो.

तुम्ही घाटात चावी बंद करून उतरता का, हेही सांगा. पेट्रोल वाचतं म्हणून खूप जण तसं करतात. कार्बोरेटरची गाडी गिअरमध्ये असताना चावी बंद केली तर इंजिन फिरतंच राहतं आणि पायलट जेटमधून पेट्रोल ओढतंच राहतं, फक्त ठिणगी नसते. सगळं पेट्रोल कोरं सायलेन्सरमध्ये. खाली येऊन चावी लावली की जो बार उडतो त्याने सायलेन्सरची शिवण उसवते आणि आतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारी जाळी, जळतो. न्यूट्रलला उतरलात तर इंजिनाचा ब्रेक गेला, पसरणीसारख्या घाटात सगळा भार ब्रेक शूवर. बीएस6च्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत हा उद्योग करून काहीच वाचत नाही. रेस पूर्ण सोडली आणि इंजिन ठराविक आरपीएमच्या वर असलं की ईसीयू पेट्रोल स्वतःच तोडतो. तशा गाडीला फटाके सुरू झाले तर बेंडची गळती, घाण झालेली थ्रॉटल बॉडी आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर या क्रमाने बघायचं. तिथे गळती आणखी त्रासदायक, कारण बाहेरची हवा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचली की ईसीयूला वाटतं गाडी लीन आहे, आणि तो उगाच पेट्रोल वाढवत राहतो.

नव्या सायलेन्सरबद्दलही बोलायला हवं. तो आतून मोकळा, सरळ पाइपाचा असेल, तर वरचं सगळं करूनही थोडी पट-पट राहील. मूळ सायलेन्सरमध्येही बारीक फटाके होत असतात, आतल्या जाळ्या आणि कप्पे ते गिळतात, तुम्हाला ऐकू येत नाहीत इतकंच. मोकळ्या आणि आखूड पाइपात आवाज दबत नाही, वर मागच्या तोंडातूनही हवा आत ओढली जाते. शिवाय तो आवाजाच्या मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2)खाली कारवाई होते. जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली चिरडल्याच्या बातम्या पुण्यासह बऱ्याच शहरांतून आल्यात. माझं मत विचाराल तर मूळ कंपनीचाच घ्या, महाग पडला तरी. आणि रेस सोडताना क्वचित होणारा हलका पट-पट, विशेषतः इंजिन थंड असताना, हा आजार नाही. त्याच्या मागे लागू नका.

एवढं होऊनही आवाज तसाच राहिला तर व्हॉल्वकडे वळा, पण तिथेही हेड शेवटी. आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्वच्या दांड्यावर ठेवलेल्या बारीक फटीचं ॲडजस्टमेंट. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असेल तर तापल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि मिश्रण पेटायच्या आधीच गळायला लागतं. टॅपेट वाजतोय म्हणून आवाज बंद होईपर्यंत आवळायची जी सवय आहे, तिने कित्येक चांगले व्हॉल्व जाळले. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे सगळ्यात वरच्या टोकाला आणून, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मॅन्युअलमधला गॅप लावा. थोडा वाजला तर वाजू द्या. ज्या 350 बुलेट-क्लासिकना यूसीई इंजिन आहे त्यांना हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे ही पायरी नाही.

मग कॉम्प्रेशन गेज. प्लग काढून गेज लावायचं, रेस पूर्ण उघडी ठेवून स्टार्टर मारायचा. रेस बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा कमी येतो आणि त्यावर चांगलं हेड उतरतं. या वेळीही दोन्ही कॅपमध्ये प्लग घालून ते इंजिनाला टेकवलेले असू द्या, पेट्रोलची वाफ आसपास नको. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा घ्या. आता वाढला तर गळती पिस्टनच्या रिंगांची, तसाच राहिला तर व्हॉल्वची किंवा हेड गॅस्केटची. व्हॉल्वची निघाली तर तुमचा मेकॅनिक बरोबर होता, हेड उतरवू द्या. फक्त त्याला सांगा की व्हॉल्व लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व घासून जागेवर नीट बसवणं, झाल्यावर हेड उलटं धरून पोर्टमध्ये पेट्रोल ओतायचं आणि थोडा वेळ थांबून व्हॉल्वच्या कडेने पाझरतंय का ते तुमच्यासमोर दाखवायचं. आणि बेंड पाइप परत बसवताना पॅकिंग नवं.